विहिरीवरचा फोटो

जालन्याचं साप्ताहिक बंद पडलं, तेव्हा रद्दीत निघालेले फोटो मुनीरने पोत्यात भरून घरी आणले. त्या पेपरसाठी तो कितीतरी वर्षं जिल्हाभर फोटो काढत फिरला होता. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाया, बैलबाजार, मोर्चे, सामुदायिक लग्नं, सगळं त्यात होतं. १९९९च्या दिवाळीनंतर जाफराबादला वाचनालयात त्याने त्यांचं प्रदर्शन मांडलं. वाचनालयाचा अध्यक्ष धर्मराज. हॉल त्याचा, फ्रेमांचा खर्चही त्याचाच. "हा आपल्या भागाचा इतिहास आहे," असं तो भेटेल त्याला सांगायचा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी फ्रेमा लावताना एका फोटोपाशी धर्मराज थांबला. त्याच्या गावची सार्वजनिक विहीर, साल १९८३. काठी आडवी धरून उभे असलेले त्याचे वडील, काकासाहेब. समोर दलितवस्तीतली एक बाई, कमरेवर रिकामी घागर, पदराला धरून दहाएक वर्षांची मुलगी. आणि वडिलांच्या मागे विशीतला धर्मराज. हसत होता. तो दिवस त्याला आठवत होता, हसणं आठवत नव्हतं.

"मुनीरभाई, हा राहू द्या. आमचे आबा थकलेत आता."

"हॉल तुमचा हाय," मुनीर म्हणाला. "पण ह्योच काढला, तर बाकीचे कशापायी लावून राह्यलो आपण?"

धर्मराजने फ्रेम उतरवून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी केदारखेड्याहून चांगुणाबाई आली, सोबत नात. भिंतीवरचा एकेक फोटो बघत ती मुनीरजवळ पोचली.

"भाऊ, माझा फोटू कुठंय? विहिरीवरचा. तुमीच काढल्ता."

मुनीरने धर्मराजकडे पाहिलं.

"मावशी, जागा पुरली न्हाई," धर्मराज घाईने म्हणाला. त्याच्या पाठीमागे रिकामा खिळा तसाच होता.

"पेपरातलं कात्रण व्हतं माझ्याकडं, पार इरून गेलं. पोरीला दाखवायचं व्हतं."

"तसलं कशाला दाखवायचं लेकराला?"

आता तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "काकासाहेबाचा धर्मराज न्हवं तुमी? तसलं म्हंजे? दिवस बुडला तरी म्या तिथनं हलले न्हाई. मंग पेपरात फोटू आला, तहसीलदार आला, इहीर खुली झाली. मला कशाची लाज?"

ती रागावली नव्हती. राग आला असता तर बरं, असं धर्मराजला वाटलं. त्याने कपाट उघडलं, फ्रेम आणली. दोरी खिळ्याला अडकेना. मुनीर मदतीला पुढे झाला नाही.

"ही म्या. अन् ही तुझी आई," चांगुणाबाई नातीला सांगू लागली. आजूबाजूचे लोकही जवळ आले.

"अन् ह्यो हसून राह्यला, ह्यो कोन?" पोरीने विचारलं.

"मी," धर्मराज म्हणाला.

पोरीने फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि आजीच्या मागे सरकली.

संध्याकाळी घरी काकासाहेब ओसरीवर बसले होते. "लोक आल्ते का बराबर?"

"आल्ते."

"आपल्या गावचा हाय का एखादा फोटू?"

"हाय, आबा. विहिरीवरचा." धर्मराजला मान वर करवेना. "उद्या घेऊन जातो तुम्हाला."

म्हाताऱ्याने विचारलं, "मी हाय त्यात?"

"आपण दोघंबी हाय."