चेहरा स्वच्छ असावा

मंगळवारी सकाळी साडेअकराला पार्लरमध्ये आलेल्या बाईंचे केस कापायला पन्नास मिनिटं लागली. त्यांतली निदान चाळीस मिनिटं बाई आरशात स्वतःकडे बघतच नव्हत्या. मागे भिंतीशी उभी राहून टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या मुलीकडे बघत होत्या.

वहिनीच्या हे लक्षात आलं ते अगदी शेवटी, बाईंच्या मानेवरचे केस झटकताना. तोवर ती आपली बोलत होती. बाई मॉडेल पुरवणारी एजन्सी चालवतात हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं आणि त्यानंतर वहिनीने हात राखला नव्हता. वहिनी एकतीस वर्षांची, नाकीडोळी नीटस. तिच्यासारखं टापटीप राहणारं गल्लीत दुसरं कुणी नाही, असं गिऱ्हाइकं तोंडावर म्हणत. बाईही काहीतरी म्हणतील असं तिला वाटत होतं. काय म्हणतील ते तिने मनातसुद्धा पूर्ण उच्चारलं नव्हतं.

बाई खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "ही कोण?"

"माझी नणंद. कॉलेजला सुट्टी आहे म्हणून मदतीला येते."

"उंची किती गं तुझी?"

"पाच फूट अकरा," मुलगी गुन्हा कबूल केल्यासारखी म्हणाली.

घरात तिला शिडी म्हणत. हे नाव तिच्या भावाने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने ठेवलं होतं. माळ्यावरचं काही काढायचं झालं की तिलाच हाक जायची. एकोणीस वर्षांची ही मुलगी सगळीकडूनच थोडी जास्त झालेली होती. हात जास्त, मान जास्त आणि भुवया तर इतक्या दाट की नाकाच्या वर एकमेकींना टेकायला आलेल्या. "ये, दोन मिनिटांत करून देते," असं वहिनी तिला तीन वर्षं म्हणत होती आणि शिडी दर वेळी पळून जात होती. दोऱ्याने तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

बाईंनी शिडीच्या हातात कार्ड दिलं. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता यायचं, सोबत घरचं मोठं माणूस आणायचं, तयारीची यादी फोनवर पाठवते. दारातून जाता जाता त्या वहिनीला म्हणाल्या, "कट छान झालाय हं."

वहिनीच्या वाट्याला तेवढंच आलं.

यादी संध्याकाळी आली. जेवताना नवऱ्याने ती मोठ्याने वाचली. आठ तास झोप. भरपूर पाणी. केस धुतलेले, मोकळे, तेल नको. नखं कापलेली, रंग नको. अत्तर नको. अंगाला बसणारे साधे काळे कपडे. उंच टाचांचे बूट सोबत हवेत आणि त्यांत चालता आलं पाहिजे. सगळ्यात शेवटी होतं, चेहरा आणि भुवया स्वच्छ असाव्यात.

"स्वच्छ म्हणजे?" नवरा म्हणाला. "एरवी काय चिखलात लोळते की काय ही?"

"दादा, गप रे."

"तुझी बायको आहे ना घरात," सासूबाई म्हणाल्या. "ती बघेल सगळं. काय गं, बघशील ना?"

"बघीन की," वहिनी म्हणाली.

पार्लरच्या भिंतीवर दरांचा तक्ता होता. त्यात चौथ्या ओळीवर 'चेहरा स्वच्छ करणे' होतं आणि पाचव्या ओळीवर 'भुवया स्वच्छ करणे'. गिऱ्हाईक खुर्चीत बसून "जरा स्वच्छ करून दे" म्हणालं की वहिनी दोरा हातात घ्यायची. शिडी या तक्त्याखाली टॉवेलच्या घड्या घालायची. तिला स्वच्छचा दुसरा अर्थ माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

वहिनीला तो माहीत होता. लग्नाच्या आधी, बाविसाव्या वर्षी, दुसऱ्या एका एजन्सीकडून तिलाही अशीच यादी आली होती आणि त्यातही हा शब्द होता. तिने तीन आठवडे तयारी केली. फेशियल केलं, ब्लीच केलं, भुवया दोऱ्याएवढ्या बारीक करून घेतल्या. तिथे टेबलामागच्या बाईने तिच्याकडे जेमतेम दहा सेकंद बघितलं. "स्वच्छ म्हणजे काही न केलेला," ती म्हणाली. "तुम्ही अख्खं पार्लर आणलंत. आम्हाला मुलगी हवी होती." रांगेतल्या बाकीच्यांना ते ऐकू गेलं होतं. त्या भुवया पुन्हा धड आल्याच नाहीत. डावी अर्धीच आली, उजवी विरळ. गेली नऊ वर्षं वहिनी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून पेन्सिलीने भुवया काढत होती. सासरी हे कुणाला ठाऊक नव्हतं. नवऱ्याला वाटायचं, पार्लरवाल्या बायका अशाच दिसतात.

पुढचे आठ दिवस वहिनीने तयारीत कसूर केली नाही. पार्लरचं शटर साडेसातला अर्धं खाली ओढून ती शिडीला उंच टाचांवर चालवायची. टाच आधी नाही, पाऊल अख्खं टेकव. खाली बघू नकोस, जमीन कुठे पळून जात नाही. हात लोंबकळू देऊ नकोस, ते काय ओले कपडे आहेत? शिडी पहिल्या दिवशी दोनदा पडली, तिसऱ्या दिवशी एकदाही नाही. पाचव्या दिवशी ती दारापासून बेसिनपर्यंत गेली आणि वळली, तेव्हा ड्रायरखाली बसलेलं शेवटचं गिऱ्हाईक मासिक बाजूला ठेवून तिच्याकडे बघत राहिलं.

"तुमची नणंद का हो? काय डौल आहे!"

"मीच शिकवलंय," वहिनी म्हणाली.

"शिकवून येतंय होय असं?" गिऱ्हाईक हसून म्हणालं.

घरातही तेच. सासूबाई दुधावरची साय आधी शिडीच्या वाटीत घालू लागल्या. चार महिने नवरा पार्लरमधल्या सैल झालेल्या शेल्फला दोन स्क्रू मारायला आला नव्हता. त्याने रविवारी घरातल्या बोळात शिडीसाठी उभा आरसा बसवला, वरून दिवाही लावला. "अंग पूर्ण दिसायला हवं ना तिला," तो म्हणाला. वहिनीने शेल्फबद्दल काही काढलं नाही. काढलं असतं तर तिच्या पोटात का दुखतंय हे अख्ख्या घराला कळलं असतं. तसं ते कळलेलंच होतं. सासूबाई अलीकडे तिच्याशी जपून, जरा गोड बोलत होत्या.

बुधवारी दुपारी पार्लर रिकामं होतं. शिडी आपणहून खुर्चीत येऊन बसली आणि तिने मान मागे टाकली.

"चल वहिनी. आज पळत नाही. करून टाक."

"काय?"

"भुवया. यादीत आहे ना, स्वच्छ असाव्यात."

वहिनी कंगवे धूत होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

"काही गरज नाही. आहे तशी जा."

"आहे तशी? हे जंगल घेऊन?"

"हो."

"तूच म्हणायचीस ना, माझ्यापेक्षा अस्वल बरं दिसतं म्हणून? परवा त्या दातांच्या डॉक्टरच्या मुलीच्या फुकट करून दिल्यास, आणि मी आहे तशी जाऊ?"

"तुझ्यावर काही केलं तरी काय फरक पडणार आहे?" वहिनी म्हणाली. "उगाच माझा दोरा वाया."

शिडीने मान सरळ केली. मग उठली.

स्वच्छ म्हणजे काय ते सांगायला एक मिनिट लागलं असतं. ते पटवायचं तर कापसाचा बोळा घेऊन स्वतःची डावी भुवई पुसायची, की झालं. बोळा हाताशी होता. वहिनी जे बोलली त्यात खोटं काही नव्हतं. मुलीने आहे तशीच जायला हवं होतं. पण ते कुठल्या आवाजात सांगितलं तर ऐकलं जाणार नाही, हे वहिनीला बरोबर ठाऊक होतं आणि तिने तोच आवाज लावला होता. तिने कंगवे दुसऱ्यांदा धुतले.

गुरुवारी सकाळी शिडी चहाला आली ती केस तोंडावर घेऊन. वहिनीने ते बोटाने बाजूला केले. भुवयांच्या जागी दोन बारीक कमानी होत्या आणि कातडी अजून लाल होती.

पहिले दोन-तीन सेकंद वहिनीला हायसं वाटलं. ते तिचं तिला स्पष्ट कळलं. मग तिला दिसलं की डावी कमान उजवीपेक्षा जाड आहे.

"कुठे केल्यास?"

"मागच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिच्याकडे? तिला सरळ रेघ तरी दिसते का?"

"तू करत नव्हतीस ना!"

"छान दिसतंय की," नवरा मधेच म्हणाला. "माणसात आली." सासूबाईंनीही मान हलवली. वहिनी उठून बूट पिशवीत भरायला गेली.

एजन्सीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्याच्या तोंडापासून भिंतीला लागून चौदा मुली उभ्या होत्या, सगळ्या काळ्या कपड्यांत. शिडीचा नंबर बारा वाजून दहा मिनिटांनी लागला. पांढऱ्या भिंतीसमोर तिला उभं केलं. बाई जवळ आल्या, तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला आणि हात काढून घेतला.

"कधी केल्यास?"

"काल."

"मी स्वच्छ असाव्यात म्हटलं होतं."

"म्हणूनच केल्या," शिडी म्हणाली.

बाई वहिनीकडे वळल्या. "तुम्ही तर या धंद्यातल्या. तुम्ही नाही सांगितलंत हिला?"

वहिनीने तोंड उघडलं. तिच्या आधी शिडी बोलली.

"सांगितलं होतं तिने. आहे तशी जा म्हणाली होती. मीच ऐकलं नाही. तिचा काही दोष नाही."

बाईंनी तिला खोलीच्या टोकापर्यंत चालायला सांगितलं. शिडी चालली. अख्खं पाऊल टेकवत, समोर बघत, वळली, परत आली.

"चाल उत्तम आहे. पण मला तो चेहरा हवा होता," त्या म्हणाल्या. "या कामाला आता दुसरी कुणी घ्यावी लागेल. आठ आठवड्यांनी भुवया परत आल्या तर ये. शब्द देत नाही. पण ये."

दोघी रस्त्यावर आल्या. चपलांच्या दुकानाशी शिडी थांबली. रडून झालं होतं, ते जिन्यात झालं होतं.

"सॉरी वहिनी. मला वाटलं, तू जळतेस म्हणून तसं म्हणतेयस."

"जळतच होते."

"आं?"

"खोटं नाही बोलले मी. पण तुला पटू नये अशा बेताने बोलले. पटवायचं असतं तर एका मिनिटाचं काम होतं." मग वहिनीने तिला बाविसाव्या वर्षाचं सांगितलं. यादी, तीन आठवडे, रांगेतल्या मुली, सगळं. सांगताना ती दुकानातल्या चपलांकडे बघत होती.

"दादाला माहितीये हे?"

"नाही."

"आईला?"

"वेडी आहेस का?"

"मग मला आत्ता का सांगतेस?"

"तू वर माझी बाजू घेतलीस," वहिनी म्हणाली. "ते मला झेपलं नाही."

शिडी चालायला लागली. तिचं एक पाऊल म्हणजे वहिनीची दीड पावलं. वहिनी पिशवी सावरत तिच्या मागे जवळजवळ धावत होती आणि शिडी वेग कमी करत नव्हती. चौकात गाड्यांमुळे तिला थांबावं लागलं, तेव्हा वहिनीने तिला गाठलं.

"तुला म्हणाल्या होत्या का, परत ये म्हणून?" शिडीने विचारलं.

"नाही."

"मला म्हणाल्या."

"ऐकलं मी."

शिडी ते मुद्दाम लावून बोलली होती आणि ते लागलंही होतं. भुवया गेल्या, लाल कातडी घेऊन उभी राहिली, तरी हिला ये म्हणाले. गाड्या थांबेपर्यंत वहिनी तेवढंच घोळवत राहिली. मग तिला दिसलं की शिडीने फोन काढला आहे आणि लिहायच्या तयारीत आहे.

"आता पटेल असं सांग," शिडी म्हणाली. "आठ आठवडे काय काय करायचं?"

"पहिलं म्हणजे मागच्या गल्लीत पाय ठेवायचा नाही."

"ते तुझ्यासाठी झालं. माझ्यासाठी सांग."

मागच्या माणसाने त्यांना ओलांडून रस्ता पार केला.

"दोरा नाही, चिमटा नाही, ब्लेड नाही," ती म्हणाली. "मधे मधे खुंट येतील, घाण दिसेल, लोक हसतील. तरी कुणाला हात लावू द्यायचा नाही."

"कुणालाच?"

"मलासुद्धा नाही. मी म्हणेन, ये, नुसती कड नीट करून देते. चांगल्या आवाजात म्हणेन. तेव्हाही नाही म्हणायचं."

शिडीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि ते सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं.