अकरा जणांची प्रार्थना

आमच्या चर्चमध्ये कोणाचं ऑपरेशन ठरलं, कोणाचा नातू सैन्यात निघाला, की फोन सुरू होतात. पहिल्याने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे अकरा जण. याला आम्ही प्रार्थनेची साखळी म्हणतो. अकरावा माणूस पहिल्याला उलट फोन करतो आणि निरोप जसा पोचला तसा म्हणून दाखवतो, म्हणजे वाटेत काही सांडलं असेल तर कळावं. सांडतंच. डेल्मर शुल्टच्या गुडघ्यासाठी सुरू केलेली प्रार्थना परत आली तेव्हा गुडघा त्याच्या गाईचा झाला होता. आम्ही गाईसाठीही प्रार्थना केली, वाया काही जाऊ दिलं नाही.

आणखी एक नियम आहे. मोघम मागायचं नाही. नाव, ठिकाण, वेळ सगळं सांगायचं, म्हणजे अकराही जणांना एकाच घटकेला गुडघे टेकता येतात. आमच्या जुन्या पाळकांनी ही सवय लावली. ते गेले, सवय राहिली. देवाला जसा काही पत्ता सापडणार नाही, असे आम्ही घराच्या खुणांसकट सांगत बसतो.

मी वर्ना ब्रॉकमायर. वय एकोणऐंशी. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला, मुलगी ॲरिझोनात असते आणि नाताळात न चुकता फोन करते. नेब्रास्कातलं हे गाव सोडून मी कुठे राहिले नाही. मोतीबिंदूनंतर गाडी चालवायची सोडली, तेव्हापासून माझं जग म्हणजे पुढची खिडकी.

खिडकीतून समोर दिसायचं ते युसेबिओ आणि पेत्रोनाचं घर. ग्वाटेमालाची माणसं. तो डुकराच्या मांसाच्या कारखान्यात कापायच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभा असायचा. कामावरून आला की हात सुजलेले, तरी माझ्या अंगणातला बर्फ आधी काढायचा, मग स्वतःचा. मी दारातून ओरडायचे, "अरे, आधी जेव तरी!" तो म्हणायचा, "बाई, जेवलो की मी बसतो, आणि बसलो की उठत नाही." पेत्रोना मक्याच्या पानात उकडलेले तमाल आणून द्यायची आणि मी खाते की नाही हे बघायला उभी राहायची. रविवारी दुपारी दोन वाजता त्यांची उपासना आमच्याच चर्चच्या तळघरात होते. वर आम्ही चाळीस म्हातारे, खाली ते दोनशे. आमचं गाणं आम्हालाच ऐकू येत नाही, त्यांचं रस्त्यापर्यंत जातं.

युसेबिओकडे या देशात राहायचे कागद नव्हते. अकरा वर्षं इथे राहून, कर भरून, कागद नव्हते. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

मार्चमधल्या एका सोमवारी तो टोपी हातात धरून माझ्या स्वयंपाकघरात आला. पेत्रोनाचे दिवस भरत आले होते, बाळ आडवं होतं. गुरुवारी सकाळी शहरातल्या इस्पितळात ऑपरेशन करून बाळ काढायचं ठरलं होतं. साठ मैल जायचं आणि गाडी त्यालाच चालवायची होती. तिचा मावसभाऊ रिगोबेर्तो त्या वेळी पाळीवर, आणि कागद त्याच्याकडेही नव्हते.

"मला भीती वाटते बाई," तो म्हणाला. "गुरुवारी साडेपाचला निघणार. तुम्ही त्या वेळी प्रार्थना कराल? घराबाहेर तुमच्याशिवाय मी कोणाला सांगितलेलं नाही."

मी त्याचा हात धरला आणि करीन म्हणाले. तो गेला, आणि दार लागलं न लागलं तोच मी फोन उचलला. एकापेक्षा अकरा बरे, असं मी मनाशी म्हटलं. युसेबिओ, समोरच्या हिरव्या घरातला, कागद नाहीत, गुरुवारी पहाटे साडेपाच, जुना लाल ट्रक, गिरणीजवळच्या रस्त्याने शहरात. सगळं सांगितलं. मोघम काही ठेवलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी हार्लन वीसचा फोन आला. यादीत अकरावा तो. माझ्याएवढाच, माझ्यासारखाच एकटा. चर्चचा वडील सभासद, आपल्या शेतातला मका अजून स्वतः पेरतो. त्याने निरोप वाचून दाखवला. नाव, घर, ट्रकचा रंग, वेळ, रस्ता. आमच्या साखळीत इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक शब्दही सांडला नव्हता. मी त्याचं कौतुक केलं. मग आम्ही त्याच्या मांजरीबद्दल आणि माझ्या गुडघ्यांबद्दल वीसेक मिनिटं बोललो.

गुरुवारी मी खिडकीपाशी खुर्चीला धरून गुडघे टेकले. डोळे मिटायला हवे होते, मी उघडेच ठेवले. ट्रक निघाला. कोपऱ्यावर दोन गाड्या दिवे बंद करून उभ्या होत्या, त्या पुढे आल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. युसेबिओ खाली उतरला आणि त्याने हात स्वतःहून मागे नेले. पेत्रोना पोटावर दोन्ही हात ठेवून ट्रकमध्ये बसून होती. एका पोलीसबाईने तिला आपल्या गाडीत घेतलं आणि इस्पितळात पोचवलं, एवढं खरं. मी गुडघ्यांवरच होते. उठायला मला बराच वेळ लागला.

बाळ त्याच दिवशी झालं. मुलगी. तिचा बाप तिला न बघताच आधी कैदेत आणि मग सव्वीस दिवसांनी ग्वाटेमालाच्या विमानात.

पेत्रोना घरी आली ती मनाशी एक गोष्ट पक्की करूनच. हे रिगोबेर्तोने केलं. निघायची वेळ त्याला माहीत होती. कारखान्यातल्या बढतीवरून त्याचं आणि युसेबिओचं हिवाळ्यात वाजलं होतं. "दुसरं कोणाला माहीतच नव्हतं बाई," ती म्हणायची. "माझ्या मावशीच्या पोटचा, आणि साप निघाला!" तो बिचारा रोज संध्याकाळी दूध, लंगोट, तांदूळ घेऊन तिच्या पायरीवर उभा राहायचा. ती दार उघडायची नाही. तो पिशवी ठेवून जायचा, ती पिशवी बाहेरच्या कचऱ्यात टाकायची. तळघरातल्या उपासनेलाही ती जाईना, कारण तिथे तो असणार. तिला या देशात रक्ताचं दुसरं कोणी नव्हतं.

तिला उरले मी. रोज दहा वाजता बाळ घेऊन यायची, संध्याकाळपर्यंत थांबायची. माझ्या मांडीवर बाळ झोपायचं. पेत्रोना माझी भांडी घासायची, माझ्यावर रागवायची, "बाई, गोळी घेतली नाहीत? मरायचंय का?" सहा वर्षांत मला कोणी असं रागावलं नव्हतं. मी खरं सांगते, त्या दिवसांत मी सुखी होते. त्या सुखाची मला शिसारी येत होती, आणि तरी दहा वाजायच्या आधी मी दाराची कडी काढून ठेवायचे.

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की बातमी साखळीतून फुटली. फक्त कोण, ते माहीत नव्हतं. रविवारी उपासनेत मी पाठमोऱ्या डोक्यांकडे बघायचे. ही असेल? हा असेल? पाळक तरुण आहेत, परक्याला आपलं माना यावर त्यांनी जीव तोडून प्रवचन दिलं. सगळ्यांनी मान डोलावली. मान डोलावण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

एका रविवारी उपासनेनंतर कॉफीच्या टेबलापाशी मी आणि हार्लन दोघंच उरलो. मी म्हटलं, "हार्लन, आपल्यातल्याच कोणीतरी कळवलं रे त्या इमिग्रेशनवाल्यांना."

"मी कळवलं," तो म्हणाला. लपवायचं त्याच्या मनातही नव्हतं. "बुधवारी सकाळी फोन केला."

"आणि प्रार्थना?"

"केली की. गुरुवारी साडेपाचला, गोठ्यात गुडघे टेकून. बाईच्या जिवासाठी, बाळाच्या जिवासाठी. दोन्ही मनापासून केलं वर्ना. माझ्यावर डोळे कशाला वटारतेस? कायदा काय मी केला? घर म्हटलं की दार आलं, आणि दार वाजवून आत यावं. माझे आजोबा आले ते रांगेत उभे राहून आले."

"तुझे आजोबा बोटीतून उतरले आणि चालत आले. त्या काळी कागद विचारत कोण होतं?"

त्याने वेदीशेजारच्या झेंड्याकडे बोट दाखवलं. जर्मनीतून आलेले आमचे आजे पहिल्या महायुद्धात जर्मन भाषेत प्रार्थना करायचे, तेव्हा एका रात्रीत चर्चच्या दाराला कोणीतरी देशद्रोही म्हणून पिवळा रंग फासला. दुसऱ्या रविवारी वडीलधाऱ्यांनी हा अमेरिकन झेंडा आणून ठेवला, तो आजतागायत तिथे आहे.

"माझ्या आजोबांना भर चौकात गुडघ्यांवर बसवून झेंड्याचं चुंबन घ्यायला लावलं," हार्लन म्हणाला. "त्यांनी घेतलं. घरी येऊन मुलांना सांगितलं, आजपासून या घरात जर्मन नाही. असे झालो आपण अमेरिकन. फुकट नाही झालो."

"कोणी बसवलं त्यांना गुडघ्यांवर?"

"कोणी म्हणजे? शेजाऱ्यांनी."

कपातली कॉफी त्याने गोल गोल फिरवली, मग कप धुतला, पुसला आणि कपाटात ठेवला. जाताना म्हणाला, "तू माझ्याशी बोलणं सोडू नकोस. माझ्याशी बोलतं कोण?" त्याचा राग यायला हवा तेवढा मला येत नव्हता, याचंच मला वाईट वाटत होतं.

आता मला सगळं माहीत झालं होतं, आणि सगळं माहीत असून मी आणखी पंधरा दिवस गप्प बसले. रोज संध्याकाळी रिगोबेर्तो पायरीवर उभा राहायचा आणि मी पडदा धरून बघायचे. मी तोंड उघडलं तर त्याला त्याची बहीण मिळणार होती. आणि माझ्या मांडीवरून बाळ जाणार होतं. इतका सोपा हिशोब होता, आणि मी रोज तो उद्यावर ढकलत होते.

एका मंगळवारी त्याने पिशवी ठेवली नाही. रिकाम्या हाताने आला, बंद दारासमोर गुडघ्यांवर बसला आणि दाराला कपाळ लावून काहीतरी पुटपुटत राहिला. पेत्रोना तेव्हा माझ्याकडेच होती. तिने माझ्या खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "नाटक्या!" पण आवाज फाटला तिचा. तो उठून गेल्यावर मी म्हटलं, "पोरी, खाली बस."

मी सगळं सांगितलं. यादी, अकरा नावं, ट्रकचा रंग, रस्ता, हार्लन. ती ऐकत होती. तिची नजर माझ्या तोंडावरून हलली नाही.

"म्हणजे रिगो नाही," ती शेवटी म्हणाली.

"नाही. रिगो नाही. मी."

"तुम्ही नाही, त्या म्हाताऱ्याने."

मला तिथेच थांबता आलं असतं. तिने दार उघडून दिलं होतं. पण मी म्हटलं, "मी सांगितलं नसतं तर त्याला कळलं कसं असतं?"

तिने अगदी हळू विचारलं, "बाई, तो तुम्हाला एकट्यांनाच सांगून गेला होता ना?"

"हो."

"देव एकट्या माणसाचं ऐकत नाही का? तुमच्यात वरती असं शिकवतात?"

"ऐकतो," मी म्हणाले. "पण तो उलट फोन करत नाही पोरी. नऊ दिवस झाले होते, माझा फोन वाजला नव्हता. साखळी मी सुरू केली की शेवटचा फोन मला येतो."

हे मी स्वतःशीही कधी बोलले नव्हते. एकापेक्षा अकरा बरे वगैरे सगळं नंतरचं. मला कोणाचा तरी आवाज ऐकायचा होता, आणि त्यासाठी माझ्या हातात त्या आठवड्यात युसेबिओच होता.

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती उठली, माझ्या मांडीवरच्या बाळाच्या मानेखाली हात घातला, दुसऱ्या हाताने दुपटं ओढून घेतलं. माझ्या मांडीला अजून ऊब होती. दारात तिने चपला चढवल्या आणि कोट तसाच खुंटीवर ठेवून बाहेर पडली.

अंगणात उभी राहून तिने फोन लावला. काय बोलली ते मला कळलं नाही, त्यांच्या भाषेत बोलली. पाव तासात रिगोबेर्तोची गाडी आली. इंजिन चालू ठेवूनच तो उतरला. तिने बाळ त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ती जी रडायला लागली ती थांबेना. तोही रडत होता. मग त्याची नजर वर माझ्या खिडकीकडे गेली. त्याला अजून काही माहीत नव्हतं. गावात कोणीही कोणालाही करतं तसा त्याने मला हात केला.

पेत्रोनाने मान वर न करताच त्याचा तो हात धरला आणि खाली घेतला.