काचेमागचं चंदेरी हेल्मेट

२००५ साली सिएटलमधल्या म्युझियममध्ये, जिथे गिटारी आणि परग्रहवासीयांचे पोशाख एकाच छपराखाली मांडलेत, गावातल्या जुन्या बँडांचं नवं दालन उघडलं. सिग्ने हॉगनला तिथे जायची कोण घाई, आणि तिची जुनी मैत्रीण व्हर्ना मात्र गुडघ्याचं निमित्त काढत होती. शेवटी सिग्नेने तिला मोनोरेलमध्ये बसवून नेलंच.

काचेमागे त्यांच्या बँडची चंदेरी हेल्मेटं होती. साठच्या दशकात तरुण पोरांच्या नाचाच्या हॉलांमध्ये हा बँड थेट मंगळावरून आल्यासारखा उतरायचा. बास गिटार सिग्नेची. पण हॉलवाले बँडमध्ये मुलगी घेत नसत. म्हणून पोस्टरवर नाव व्हर्नाच्या होणाऱ्या नवऱ्याचं, लॉइडचं. तो बाहेर गाडीत दडून बसायचा आणि हेल्मेट सिग्ने घालायची. तिचे लांब केस आत कोंबून द्यायची व्हर्ना. रेकॉर्ड निघाली की खरं नाव छापायचं, असं सगळ्यांचं ठरलं होतं. रेकॉर्ड निघालीच नाही. एक टेप तेवढी उरली.

सिग्नेने काचेखालचं टेप ऐकायचं बटण दाबलं. आधी तिची ती धावती बास, मग म्युझियमसाठी नव्याने माहिती सांगणारा व्हर्नाचा आवाज. "बासवर माझा लॉइड. कपडे आमच्या सिग्नेने शिवलेले."

तिने पुन्हा दाबलं. तेच.

"मला विचारायचंस तरी," ती म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस होय?"

व्हर्ना बाकावर टेकली. लॉइड जाऊन वर्ष झालं होतं. नातवंडं आजोबांना बघायला इथे येतात, धाकटी तर काचेला नाक चिकटवून उभी असते, असं ती सांगत राहिली. "जन्मभर मासे साफ केले गं त्याने. तुझं तुला ठाऊक आहे ना? मग पुरे की."

"त्याला गिटार धरता तरी येत होती का?"

"पोरांना कुठे माहीत आहे ते."

सिग्ने तडक ऑफिसच्या दारापर्यंत गेली. काय हवंय, असं आतल्या मुलीने विचारलं. सिग्नेने मागे वळून पाहिलं, हेल्मेटांपुढच्या काचेवर तो नाकाचा डाग दिसला, आणि तिने बाहेर जायचा रस्ता विचारला. परतीच्या मोनोरेलमध्ये ती एकटीच बसली.

व्हर्ना पुढे लेकीकडे स्पोकेनला गेली आणि तिथेच वारली. नाताळला तिची कार्डं येत, सिग्नेने एकाचंही उत्तर दिलं नाही. दालन बदललं तेव्हा हेल्मेटं गोदामात गेली. सिग्ने सिएटलमध्ये, बॅलर्ड भागातल्या घरातच आहे, बोटं आखडलीत. व्हर्नाची ती धाकटी नात टकोमातल्या एका बँडमध्ये बास वाजवते, उघड्या केसांनी. टेपवरची ती चाल तिने हुबेहूब उचलली आहे, आणि वाजवण्याआधी दर वेळी ती आजोबांचं नाव घेते.