ग्लासाला झालेला रोग

गोदामावरच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात बाटली, बाटलीत स्वतःचीच लघवी. लाजायचं कारण उरलं नव्हतं. सगळ्यांचीच हिरवीगार होती.

"शेवाळ आहे हे, शेवाळ!" मंचावरून बाटलीबाबा गरजले. "माझ्या गोळीने आतला रोग कुजून बाहेर पडतोय. हिरवं आलं की रोग निघाला, पुन्हा पिवळं आलं की माणूस सुटला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अप्पांनी आपली बाटली उंच धरली. शेजारी उभ्या त्यांच्या सुनेने झोपाळलेली लेक चिमी दुसऱ्या कडेवर घेतली आणि स्वतःची जांभई दाबली.

अप्पांचा जन्म दुकानांच्या पाट्या आणि भिंती रंगवण्यात गेला. मागच्या वर्षी लघवीतून रक्त गेलं. दुखलं-खुपलं काहीच नाही. मूत्राशयात कॅन्सरची गाठ निघाली, पण सुरुवातीची, वरवरची. डॉक्टरीणबाईंनी आत दुर्बीण घालून ती खरवडून काढली आणि बजावलं, "याला परत उगवायची खोड असते. दर तीन महिन्यांनी आत बघायचं. चुकवायचं नाही."

दोनदा अप्पा गेले. तिसऱ्या खेपेला पाय अडला.

"थकलो गं सूनबाई," घरी परतताना ते म्हणाले. "दरवेळी तेच, 'आज काही नाही, पुन्हा या.' 'गेला' म्हणून एकदा तरी म्हणावं की नाही? हा माणूस म्हणतो."

"त्याच्या जिभेला काय हाड आहे? उद्या तपासणी आहे अप्पा, चला."

"नळी घातली की रोग परत आत शिरतो म्हणे."

वाद घालायलाही अंगात त्राण लागतं, आणि तिचं सगळं चिमीमागे धावण्यात संपलं होतं.

संध्याकाळी ती भांडी घासत असताना चिमी ओरडली, "आई, ग्लास आजारी पडला!"

ओल्या हातांनीच ती बाहेर आली. चिमी चित्र रंगवत होती. ब्रश धुऊन पिवळं झालेलं ग्लासातलं पाणी आता हिरवं दिसत होतं, अगदी आजोबांच्या बाटलीसारखं. "आजोबांची गोळी पोहायला सोडली," चिमीने कबुली दिली.

सुनेने अप्पांच्या पुडीतली दुसरी गोळी साध्या पाण्यात टाकली. पाणी निळंशार झालं. दोन्ही ग्लास तिने सासऱ्यांपुढे ठेवले. "अप्पा, या ग्लासाला कसला रोग होता हो?"

अप्पा बघत राहिले. "पिवळ्यात निळं," ते हळूच म्हणाले. "जन्मभर हिरवा मीच कालवला, आणि माझ्याच बाटलीत ओळखला नाही."

"रंगाच्या गोळ्या बंद केल्या की लघवी आपली पुन्हा पिवळी. झाला चमत्कार!"

अप्पांना हसू आलं नाही. "सूनबाई, या हिरव्याखाली लाल असलं तर?"

दुसऱ्या दिवशी तपासणीत ज्वारीच्या दाण्याएवढी नवी गाठ दिसली.

"वेळेवर आलात. लहान आहे, काढून टाकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त आपोआप येतं, आपोआप थांबतं. थांबलं म्हणजे आजार गेला असं नाही."

"'गेला' कधी म्हणाल?"

"खोटं नाही बोलणार, अप्पा. पण बघत राहिलो तर बहुतेक वेळा तो लहान असतानाच सापडतो."

गाठ काढून झाल्यावर, अंगात बळ आलं तसे अप्पा हॉलमध्ये गेले. मंचासमोर एक साध्या आणि एक पिवळ्या रंगाच्या पाण्याचा असे दोन ग्लास मांडून त्यांनी बाबांच्याच दोन गोळ्या टाकल्या. एक पाणी निळं झालं, दुसरं हिरवं.

"पाण्यात पाप आहे!" बाबा किंचाळले.

"मग पाण्यालाच बरं करा की!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

अप्पा हसले नाहीत. "मी पेंटर आहे. ओल आलेल्या भिंतीला नुसता रंग फासला की भिंत छान दिसते, आणि आतून पोखरत जाते. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरी जा, गोळी पाण्यात टाका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा." त्यांना धाप लागली. सुनेने खुर्ची पुढे सरकवली.

"थकला असाल तर घटकाभर बसा," बसता बसता ते म्हणाले. "मीही बसलो होतो. पण मग उठा, आणि तपासणीला जा."