ओंकारनं ब्रेक का दाबला

अजिनाथमामांचा माईकवरचा आवाज म्हणजे कर्जत तालुक्यातल्या कुस्त्यांचा जीव. वीस वर्षांत त्यांनी एकाही मैदानात नुरा कुस्ती चालू दिली नव्हती. ठरवून लढणारी जोड दिसली, की नावं पुकारून बाहेर काढायची, मग पैलवान कुणाचा का असेना!

आज मात्र माईक सायकल शर्यतीचा होता. पाच दिवसांच्या शर्यतीचा चौथा टप्पा कर्जतच्या बाजारतळावर संपणार होता आणि त्यात मामांचा सख्खा भाचा ओंकार होता. पोरगं घरच्या मातीत जिंकणार म्हणून मामांनी स्वतः बांधायला फेटा आणला होता. सगळं गाव लोटलं होतं.

तीन दिवस निळ्या संघाचा कप्तानच जिंकत आला होता. बड्या कंपनीचा संघ. दमाचे गडी सगळे त्यांनीच उचललेले, ओंकारसुद्धा. आजही निळे पुढे आणि बाकीचे मागे रखडत, हे मोबाईलवर बघून लोक जांभया देत होते.

तेवढ्यात शेवटच्या वळणावर ओंकार एकटा पुढे दिसला. "आला रं आला, कर्जतचा वाघ आला!" मामांनी बाजारतळ डोक्यावर घेतला. रेषा वीस पावलांवर, आणि ओंकारनं मागं वळून पाहिलं, ब्रेक दाबला. कप्तान शेजारून निघून गेला.

मामांना काही उमजेना. पंक्चर? पायात गोळा? मग वीस वर्षांची सवय तोंडातून निघाली. "नुरा हाय ही! जोड बाहेर काढा!" शिट्ट्या पडल्या, लोक हसत घरी निघाले.

ओंकार घामाघूम होऊन समोर आला. "मामा, पहिल्याला एकूण वेळेत दहा सेकंदाची सूट मिळती, ती कप्तानाला पायजे हुती. त्याच्यापुढं पळून वारा आपल्या अंगावर घ्यायचा, ह्याचाच पगार हाय मला."

"आरं, पन जिंकनारे समदे एकाच घरात, तर शर्यत कुनाशी?"

"ते मला न्हाई ठावं. पन चार दिस एकदाबी चुकलो न्हाई. आन् तुमी गावापुढं मला लबाड केलं."

मामांनी फेटा उचलला. पोरानं लबाडी केली की इमान राखलं? नियमानं फेटा विजेत्याचा, म्हणून ते कप्तानाला बांधू लागले.

"तुमचा भाचा मोकळा सुटला तर मला रोज हरवेल," कप्तान हसत म्हणाला.

मामांचे हात थांबले. त्यांनी माईक ओढला. "ऐका मंडळी! ओंकार लबाड न्हाई. ओंकार..." पुढं जिंकला म्हणावं की हरला, ते सुचेना. त्यांनी मान वर केली, तर बाजारतळ रिकामा झाला होता.