गच्चीची किल्ली

"आलं का?" गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकून मुक्ताबाईनं हाळी दिली.

"नाय!" खालच्या खोलीतून कडुबाचा आवाज आला. "निळंच हाय समदं!"

तिनं डिशची कड दोन्ही हातांनी धरून जराशी वळवली. आदल्या दिवशी दुपारी दौलताबाद रस्त्याकडून अशी वावटळ उठली, की पडेगावातले पत्रे खडखडले आणि मुक्ताबाईची डिश मान मुरगळल्यासारखी भलतीकडेच वळून बसली. डिश बसवणारा मुनीब कामासाठी लासूर स्टेशनला गेला होता. त्यानं फोनवरच सांगितलं, "भाभी, नट जरासा ढीला करके हल्लू हल्लू घुमाव. ताकद नक्को लगाव." सायकलवाल्याकडून पाना मागून आणून ती वर चढली होती.

"तोंडं दिसायलीत! पण तुकडं तुकडं!" कडुबा ओरडला. "आजून जरा... आलं! आलं मुक्ते, हलू नको!"

तिनं पान्यानं नट आवळायला घेतला.

कडुबा देवगाव रंगारीच्या शिवारात विहिरी खोदायचा. दुष्काळ पडला तशा लोकांनी विहिरी आणखी खोल न्यायला काढल्या, आणि अशाच एका विहिरीची कड ढासळून त्याच्या कमरेवर आली. तेव्हापासून तो खाटेवर होता. मुक्ताबाई त्याला घेऊन शहरात आली. पडेगावात नव्या नव्या कॉलन्या उठत होत्या आणि नवराबायको दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरांना पोळ्या करणारी बाई हवीच असायची. ती घरोघर पोळ्या लाटायची आणि हा आढ्याकडे बघत पडून राहायचा. एकदा संध्याकाळी ती घरी आली तर म्हणाला, "आज कावळा बी नाय आला खिडकीत." आपण घरात नसताना ह्याच्याशी बोलायला कुणीतरी पाहिजे, म्हणून तिनं जुना टीव्ही घेतला आणि मुनीबकडून डिश बसवून घेतली. पहिल्यांदा चित्र उमटलं तेव्हा कडुबा "आलं!" म्हणून असा ओरडला, की गल्लीतली माणसं हसली. विहिरीतून वर काढल्यापासून त्याचा एवढा मोठा आवाज तिनं ऐकला नव्हता.

गच्चीला मात्र कुलूप असायचं. त्या साली पडेगावात सगळ्याच गच्च्यांना कुलपं होती. नळाला पाणी येईल तेव्हा खरं, टँकर मिळेल तेव्हा खरा. त्यामुळे वरची टाकी म्हणजे घरातली तिजोरी. घरमालक अनंतराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. ते सकाळ-संध्याकाळ टाकीत काठी बुडवून पाणी मोजायचे. ज्याची टाकी त्याची काठी, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. आज ते बँकेत गेले होते. मुक्ताबाईनं विचारलं तेव्हा त्यांच्या बायकोनं, कालिंदीकाकूंनी, देवघराच्या खिळ्यावरची किल्ली स्वतःच्या हातानं काढून दिली आणि म्हणाल्या, "जा, पटकन करून या. हे यायच्या आत."

नट आवळता आवळता मुक्ताबाईचं लक्ष टाकीच्या आडोशाला गेलं. अख्ख्या कॉलनीत हिरवं पान दिसत नव्हतं आणि इथं कुंड्यांमधला मोगरा कळ्यांनी लगडला होता. माती काळीभोर, ओली. काकूंचं गुपित तिला कळलं आणि हसू आलं. असते एखादीला हौस, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून तिनं ते सोडूनही दिलं.

"कोण आहे वर?"

अनंतराव दारात उभे होते. त्यांनी बाई बघितली, हातातला पाना बघितला आणि तडक जाऊन टाकीत काठी बुडवली.

"कमी झालंय! सकाळी होतं त्यापेक्षा कमी! रोज पाणी जातंय कुठं, ते आज कळलं."

"काका, टीव्हीची छत्री हालली व्हती, ती सरळ कराया आले. टाकीतल्या पान्याला हात नाय लावला म्या. माझ्याजवळ भांडं तरी हाय का?"

"भांडं खाली नेऊन ठेवलं असशील." आजवर अहोजाहो करणारा माणूस एका दमात अगंतुगंवर आला. "आणि किल्ली? माझ्या देवघरातून किल्ली चोरलीस?"

आवाज ऐकून कालिंदीकाकू जिना चढून वर आल्या होत्या. मुक्ताबाईला हायसं वाटलं. "काकू, सांगा की. किल्ली कुणी दिली मला?"

काकू टाकीच्या झाकणाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी आत होते. किल्ली खिळ्यालाच होती."

मुक्ताबाईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ही बाई तापानं फणफणली होती तेव्हा आपण हिच्या उशाशी बसून पेज भरवली होती. न कळून बोलणाऱ्याला माफ करता येतं. पण सगळं ठाऊक असून गप्प बसणाऱ्याला काय म्हणायचं?

"काका," ती म्हणाली, "ह्या कुंडीत हात घाला."

अनंतरावांनी हात घातला नाही. घालायची गरजही नव्हती, ओल डोळ्यांना दिसत होती. त्यांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं मान खाली घातली. त्यांना सगळं कळलं. कळल्याचं त्यांच्या तोंडावर दिसलंसुद्धा. मग त्यांनी घसा खाकरला.

"प्रश्न कुंड्यांचा नाहीये. प्रश्न किल्लीचा आहे."

झालं! जन्म कचेरीत काढलेल्या माणसाला प्रश्न कधी बदलायचा ते बरोबर कळतं. वर ते म्हणाले, "यापुढं गच्चीवर पाऊल टाकायचं नाही. राहायचं तर राहा, मी काही घालवत नाही." आपण मोठं मन दाखवलं असंच त्यांना वाटत होतं.

"चोर म्हनून नाय राहायची मी," मुक्ताबाई म्हणाली आणि किल्ली कठड्यावर ठेवून खाली उतरली.

मुनीब लासूरहून आला तोवर तिनं डोंगराच्या बाजूला एक पत्र्याची खोली बघून ठेवली होती. त्यानं समजावून पाहिलं. "भाभी, गुस्सा थूक दो. उधर पानी का लई वांधा हय."

"पान्याचा वांधा हितं बी हाय, भाऊ. हितं त्याच्यासंगं नाव बी जातंय."

या वेळी अनंतरावांनी गच्ची स्वतः उघडून दिली आणि मुनीबचं काम होईपर्यंत टाकीशेजारून हलले नाहीत. त्यानं डिश सोडवली. खाली टीव्ही चालूच होता.

"मुक्ते, गेलं!" कडुबा सवयीनं ओरडला. गल्लीत सगळ्यांना ऐकू गेलं. कुणी हसलं नाही.

"जाऊ द्या," ती म्हणाली.

रिक्षात कडुबाला टेकवून बसवलं आणि टीव्ही त्याच्या मांडीवर दिला. डिश काही मावेना. मुक्ताबाईनं पदराची चुंबळ करून ती डोक्यावर घेतली. तेवढ्यात कालिंदीकाकू फाटकाशी आल्या. त्यांच्या ओंजळीत मोगरा होता.

"मुक्ताबाई, एवढी फुलं तरी घेऊन जा."

मुक्ताबाईला वास आला. डोक्यावर ओझं असल्यानं तिनं मान वाकवली नाही.

"राहू द्या, काकू. लई पानी लागलंय त्याला."

रिक्षा सावकाश निघाली आणि ती मागं चालू लागली. वळणावर कडुबानं बाहेर तोंड काढून विचारलं, "तिकडं येईल का गं चित्र?"

"येईल की," ती म्हणाली. "तुमी फकत जोरात वरडा."