लाइन बंद

“काटा निम्म्याच्या खाली कसा आला, बाबा?” ऑक्सिजनच्या सिलिंडरवर वाकून ती विचारत होती. “गेल्या आठवड्यात तर भरून आणला. हात कुणी लावला?”

बाबांनी पलंगावरून भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांच्या नाकातली नळी विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेली होती. मशीन घरघरत होतं, म्हणजे लाइट होती.

“रोज चाचणी घेत होतो,” ते म्हणाले. “राखीव यंत्र चालवून बघितल्याशिवाय त्याला राखीव म्हणायचं नाही. वायरमनकी एकतीस वर्षं केली ती अशीच.”

“पाच मिनिटांच्या चाचणीत एवढा उतरतो?”

“काल चावी पुरती बसली नसावी.” मग बोटं चोळत, “बोटांत जोर राहिला नाही गं.”

वादळाच्या तयारीत तिने काही म्हणून सोडलं नव्हतं. पिंप, बादल्या भरलेल्या, बॅटरीत नवे सेल, दोन दिवसांचा स्वयंपाक झाकून ठेवलेला. घरचा इन्व्हर्टर दोन दिव्यांपुरता. मशीन त्याला ओढवत नव्हतं. सगळी भिस्त सिलिंडरवर. भरलेला असता तर पाच तास. आता दोन, तेही ओढूनताणून. आणि वारा पडल्याशिवाय सिलिंडरच्या दुकानाची गाडी निघणार नव्हती.

बाहेर काहीतरी कडाडून मोडलं. दिवा थरथरला, पण राहिला.

“सुटलो,” ती म्हणाली.

बाबा मात्र कोपरावर उठले. “खिडकीतून बघ. तार पडली का?”

कोपऱ्यावरच्या खांबावरून तार लोंबत होती. तिचं टोक गल्लीतल्या घोटाभर पाण्यात गेलं होतं आणि तिथे मधूनच निळसर काहीतरी तडतडत होतं.

“जिवंत आहे ती,” बाबा म्हणाले. “किती वाजले?”

“पावणेचार.”

“चारला कारखाना सुटतो.”

पाळी संपली की सगळी माणसं याच गल्लीतून घरी जात. तिने फोन उचलला. “तक्रारीचा नंबर लावते.”

“तो आज लागायचा नाही. वीज उपकेंद्रातल्या टेबलावरचा सांगतो, तो लाव. फीडर, म्हणजे या भागाची अख्खी लाइन, बंद करायला सांगू.”

“बाबा, आपली लाइट त्याच फीडरवर आहे. एकदा बंद केला की वादळ ओसरेपर्यंत खांबावर कोण चढणार?”

“कुणी चढूही नये.”

“मग मी जाते. गल्लीच्या तोंडाशी उभी राहून माणसांना अडवते.”

“पायरी उतरलीस की पाणीच आहे. डोकं फिरलंय का तुझं? लाव नंबर.”

त्यांनी आकडे सांगितले. तिचा अंगठा हलेना. नंबर लागत नाही म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? घड्याळात पावणेचारचे तीन-अठ्ठेचाळीस झाले. बाबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त हात पुढे केला. फोन घेऊन ते आकडे दाबू लागले, तिसऱ्या आकड्याला बोट चुकलं, त्यांनी पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा तिने फोन काढून घेतला आणि लावला.

पलीकडचा ऑपरेटर तरुण होता. बाबांनी धापा टाकत खांब सांगितला, फीडर सांगितला.

“काका, तुम्ही कोण?”

“वायरमन. रिटायर.”

“आणि मागे ते मशीन कसलं वाजतंय?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “पंखा आहे. तू लाइन बंद कर पोरा, चार वाजत आले.”

मशीन थांबलं. एवढी शांतता त्या खोलीत कित्येक महिन्यांत झाली नव्हती. तिने नळी सिलिंडरला जोडली, चावी फिरवली. काट्याकडे पाहायचं नाही असं ठरवून ती त्यांच्या उशाशी बसली.

कारखान्याचा भोंगा झाला. थोड्या वेळाने गल्लीत पाणी डचमळू लागलं. एक, दोन, मग पुष्कळ पावलं. खिडकीखालून एकजण ओरडला, “जरा वारा सुटला की घालवली लाइट! फुकटचा पगार खातात लेकाचे!” बाकीचे खो-खो हसले.

ती ताडकन उठली. बाबांनी तिचं मनगट धरलं.

“जाऊ दे त्यांना,” ते म्हणाले, आणि डोळे मिटून पावलं ऐकत राहिले.